पासवर्ड ठेवायचा कुठे?

पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस नव्याने बसवला की तो भलताच घुमा असतो. ज्या संगणकावर तो बसवलाय, त्याच संगणकावरच्या प्रोग्रॅमशी तेवढा बोलतो. बाहेरून कोणी त्याच्या ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. हे त्याच्या कर्त्यांनी मुद्दाम ठरवलेलं आहे. कुठल्या पत्त्यांवर कान द्यायचा हे सांगणारी एक ओळ त्याच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये असते आणि तिची मूळ किंमत ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच यंत्र’, एवढीच असते.

अडचण पहिल्याच आठवड्यात सुरू होते. डेटाबेस एका सर्व्हरवर, वेबसाइट दुसऱ्यावर, आणि अहवाल काढणारा माणूस तिसऱ्याच गावात लॅपटॉप उघडून बसलेला. पडद्यावर ‘जोडणी नाकारली’ असं उमटतं, कामाची घाई असते, आणि शोधाशोध केली की दोन ओळींचा तोडगा हाती लागतो. पहिल्या ओळीत लोकलहोस्टच्या जागी तारांकन टाकायचं: सगळ्या पत्त्यांवर ऐक. दुसरी ओळ वेगळ्या फाइलमध्ये टाकायची: जगातल्या कुठल्याही पत्त्यावरून, कुठल्याही नावाने, कुठल्याही डेटाबेसला येऊ दे, आणि पासवर्डही विचारू नकोस. या दुसऱ्या ओळीतल्या रीतीचं नाव आहे ‘ट्रस्ट’. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. सर्व्हर पुन्हा चालू केला की अहवाल निघतो, सगळे खूश होतात, आणि ‘तात्पुरतं केलंय, नंतर बघू’ असं ठरतं. कार्यालयांत ‘तात्पुरतं’ किती वर्षं टिकतं हे वाचकांना सांगायला नको.

‘आपल्या एवढ्याशा सर्व्हरकडे कोण कशाला बघायला येतंय?’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो २०१३ सालीच मोडीत निघाला. इंटरनेटच्या जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या वर्षी ‘झेडमॅप’ नावाचं मुक्तस्रोत साधन प्रसिद्ध केलं. एका साध्या संगणकावरून, चांगली जोडणी असेल तर, ते साधन त्या सगळ्या पत्त्यांवरचं एखादं पोर्ट पाऊण तासात तपासून होतं. म्हणजे तुमच्याकडे बघायला कोणी ‘येत’ नाही. सगळ्यांकडेच बघितलं जातं, आणि त्यात तुम्ही असता.

याचा धडा सर्वांत महागात पडला तो मोंगोडीबी वापरणाऱ्यांना. या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या बसवल्या की पासवर्डाची सक्ती नसे आणि अनेकदा तो थेट सगळ्या पत्त्यांवर ऐकत बसे. २०१५ मध्येच शोदान या शोधयंत्राच्या कर्त्याने इंटरनेटवर असे सुमारे ३०,००० उघडे डेटाबेस दिसत असल्याचं लिहिलं होतं. डिसेंबर २०१६च्या अखेरीस कोणीतरी त्यांचा फायदा घ्यायला सुरुवात केली. आत शिरायचं, सगळी माहिती पुसायची, आणि ‘वॉर्निंग’ नावाची एकच नोंद मागे ठेवायची: ०.२ बिटकॉइन भरा, माहिती परत देतो. जानेवारी उजाडला तसे इतरही भामटे या धंद्यात उतरले. एकाने ठेवलेली खंडणीची चिठ्ठी पुसून दुसरा आपली ठेवू लागला, त्यामुळे पैसे भरायचे कोणाला हेच बळींना कळेना. बऱ्याच ठिकाणी माहितीची प्रत काढलेलीच नव्हती. नुसती पुसली होती. कुठलंही कुलूप फोडलं गेलं नव्हतं, कारण कुलूप नव्हतंच. मोंगोडीबीच्या ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७च्या अखेरीपासून, तोही सगळीकडे मुळात लोकलहोस्टवरच ऐकू लागला.

तेव्हा दार उघडायचं तर किती, आणि कोणासाठी? पोस्टग्रेसमध्ये याचा निवाडा ‘पीजी एचबीए’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये होतो. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनच्या हाती दिलेली यादी असावी तशी ही फाइल: कोणत्या प्रकारची जोडणी, कोणता डेटाबेस, कोणता वापरकर्ता, कुठल्या पत्त्यावरून, आणि ओळख कशी पटवून घ्यायची. एका ओळीत एक नियम. वॉचमन यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली ओळ जुळेल तिथे थांबतो. त्या ओळीने मागितलेला पासवर्ड चुकला, तर ‘बरं, खालच्या ओळीत काही सवलत आहे का बघू’ असं तो करत नाही. यादी संपेपर्यंत काहीच जुळलं नाही तर प्रवेश नाही.

नियम सोपा आहे, पण त्यातला क्रम लोकांच्या लक्षात येत नाही. वर ‘सगळ्यांना येऊ द्या’ ही जुनी ओळ तशीच राहते, आणि सुरक्षेचं फर्मान निघालं की तळाशी ‘बाहेरच्यांना मज्जाव’ ही नवी ओळ जोडली जाते. ती कधी वाचलीच जात नाही. फाइल बदलली तरी सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावं लागतं, हेही राहून जातं. दहाव्या आवृत्तीपासून या फाइलचे नियम डेटाबेसच्या आतूनच एका तक्त्यासारखे पाहता येतात, आणि लिहिताना काही चुकलं असेल तर कोणत्या ओळीत ते तिथे दिसतं. ही सोय फार कमी जण वापरतात.

मायएसक्यूएलची रीत निराळी आहे. तिथे वापरकर्ता म्हणजे नुसतं नाव नव्हे. नाव आणि तो जिथून येतो तो पत्ता मिळून एक खातं. कार्यालयातल्या एका पत्त्यावरून येणारा ‘हिशेब’ आणि कुठूनही येणारा ‘हिशेब’ ही दोन वेगळी खाती. त्यांचे पासवर्ड वेगळे, अधिकारही वेगळे. ‘कालपर्यंत चालत होतं, आज घरून चालत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. मला स्वतःला पोस्टग्रेसची पद्धत आवडते, कारण एक फाइल उघडली की कोणाला कुठून दार आहे हे सलग वाचता येतं. मायएसक्यूएलची बाजू घेणारे म्हणतील की साध्या आज्ञा देऊन बदल करता येतात, सर्व्हरवर जाऊन फाइलला हात लावावा लागत नाही. तेही खरंच.

आता पासवर्ड. डेटाबेस तो जसाच्या तसा साठवत नाही, त्याचा ‘हॅश’ साठवतो, म्हणजे मूळ शब्दावर गणिती प्रक्रिया करून मिळालेली, उलट फिरवता न येणारी खूण, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण हॅश साठवला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही, हे पोस्टग्रेसच्या जुन्या ‘एमडी५’ पद्धतीवरून कळतं. तिच्यात पासवर्ड आणि वापरकर्त्याचं नाव एकत्र जोडून त्याचा हॅश ठेवलेला असे. प्रवेशाच्या वेळी सर्व्हर चार बाइटांचा एक यादृच्छिक आकडा पाठवी. समोरचा प्रोग्रॅम आपल्याकडचा हॅश आणि तो आकडा जोडून पुन्हा हॅश काढी आणि पाठवी. पासवर्ड तारेवरून कधीच जात नसे, हे चांगलं. पण नीट पाहिलं तर उत्तर तयार करायला मूळ पासवर्ड लागतच नाही, साठवलेला हॅश पुरतो. ज्याच्या हाती बॅकअपची फाइल लागली त्याला पासवर्ड फोडत बसायची गरजच नाही. चोरलेला हॅश हाच त्याचा पासवर्ड. शिवाय हॅशमध्ये नाव मिसळलेलं असल्याने वापरकर्त्याचं नाव बदललं की पासवर्ड बाद होई, ते वेगळंच.

यावरचा उपाय ‘स्क्रॅम’ या नावाने २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत आला. यात पासवर्डावर ‘मीठ’, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा यादृच्छिक मजकूर, टाकून हॅश काढण्याची क्रिया मुळात ४,०९६ वेळा केली जाते, म्हणजे अंदाजाने पासवर्ड शोधणाऱ्याला प्रत्येक अंदाजाची तेवढी किंमत मोजावी लागते. त्याहून महत्त्वाचं असं, की सर्व्हरजवळ जे साठवलेलं असतं त्याच्या जोरावर वापरकर्त्याचं सोंग घेता येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट मला विशेष वाटते. स्क्रॅममध्ये सर्व्हरलाही सिद्ध करावं लागतं की तुमच्या पासवर्डाची खूण त्याच्यापाशी आहे. आजवर ओळखपत्र फक्त आत येणाराच दाखवत होता.

एमडी५वरून स्क्रॅमवर जाणं सोपं नव्हतं. जुना हॅश नव्यात रूपांतरित करता येत नाही, कारण मूळ पासवर्ड कोणालाच माहीत नसतो; प्रत्येकाने तो पुन्हा द्यायला हवा. जुन्या ड्रायव्हरांना स्क्रॅम कळत नसे. म्हणून कर्त्यांनी एक सोय ठेवली: फाइलमध्ये ‘एमडी५’ लिहिलेलं असलं तरी एखाद्याची नोंद स्क्रॅमची असेल तर त्याच्यासाठी स्क्रॅमच वापरायचं. एकेक वापरकर्ता असा शांतपणे पलीकडे नेता येतो. नव्या पासवर्डांसाठी स्क्रॅम ही मूळ पद्धत व्हायला २०२१ साल, चौदावी आवृत्ती, उजाडावी लागली, आणि २०२५च्या अठराव्या आवृत्तीत एमडी५ला निरोपाची नोटीस मिळाली.

पासवर्ड भक्कम झाला तरी त्याच्यामागून वाहणारी माहिती? ती टीएलएसच्या आवरणातून न्यायची, हे आता सगळ्यांना पाठ आहे. घोटाळा तपशिलात आहे. पोस्टग्रेसच्या ग्राहक-प्रोग्रॅमला जोडणी किती सुरक्षित हवी हे सांगायच्या सहा पायऱ्या आहेत, आणि काहीच न सांगितलं तर तो ‘प्रिफर’ या पायरीवर उभा राहतो: जमलं तर आवरण घे, नाही जमलं तर उघड्यानेच जा. सुरक्षेच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही, असं खुद्द पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातच म्हटलेलं आहे. जुन्यांची गैरसोय नको म्हणून ते राहिलंय. त्याच्या वरच्या ‘रिक्वायर’ पायरीवर आवरण सक्तीचं होतं, पण पलीकडे कोण आहे हे सहसा पाहिलं जात नाही. मधल्या वाटेवर बसलेला कोणीही स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करून ‘मीच तुमचा डेटाबेस’ म्हणू शकतो, आणि तुम्ही अत्यंत सुरक्षितपणे त्याच्या कानात सगळं सांगून मोकळे होता. प्रमाणपत्र कोणी दिलं आणि त्यावरचं नाव आपण मागितलेल्या सर्व्हरचंच आहे का, हे दोन्ही तपासते ती शेवटची पायरी, ‘व्हेरिफाय-फुल’. दुसऱ्या गावातल्या सर्व्हरशी इंटरनेटवरून बोलायचं तर एवढीच पायरी खरी. ती वापरायला पूर्वी प्रमाणपत्राची फाइल प्रत्येक यंत्रावर नेऊन ठेवावी लागे. २०२३च्या सोळाव्या आवृत्तीपासून संगणकाच्या स्वतःच्या विश्वासू प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवता येते.

इतकं सगळं केल्यावर पोर्ट जगाला उघडं ठेवायला हरकत काय? दोन जुनी प्रकरणं पाहू.

जून २०१२मध्ये मायएसक्यूएलचीच शाखा असलेल्या मारियाडीबीच्या सर्गेई गोलुबचिक यांनी एक दोष जाहीर केला. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी पासवर्डाची खूण पडताळताना ‘मेमकम्प’ हे सी भाषेतलं जुनं फंक्शन वापरत. दोन गोष्टी सारख्या असतील तर ते शून्य देतं. नसतील तर शून्याखेरीज कुठलाही आकडा. तो आकडा मोठा असू शकतो, पण डेटाबेसच्या प्रोग्रॅमने तो आठ बिटांच्या छोट्या जागेत कोंबला होता. आता आकड्याचे शेवटचे आठ बिट योगायोगाने शून्य आले, की मोठा आकडाही शून्य दिसणार, आणि चुकीचा पासवर्ड बरोबर ठरणार. असं होण्याची शक्यता २५६मध्ये एक. एरवी हे फंक्शन छोटेच आकडे देई, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही. प्रोसेसरच्या खास सूचना वापरून वेगवान केलेल्या नव्या सी-लायब्ररींमध्ये मात्र ते मोठे आकडे देऊ लागलं. दोन्ही प्रकल्पांनी स्वतः बांधलेल्या प्रती यातून सुटल्या, पण काही लिनक्स वितरणांनी बांधलेल्या सापडल्या. अशा सर्व्हरवर ‘रूट’ या नावाने कुठल्याही पासवर्डासह पुन्हा पुन्हा प्रयत्न केले की काही सेकंदांत प्रवेश मिळे. पासवर्ड कितीही लांब असो, त्याला काडीचा अर्थ उरला नव्हता.

पुढच्याच वर्षी पोस्टग्रेसची पाळी आली. २८ मार्च २०१३ रोजी प्रकल्पाने जाहीर केलं की ४ एप्रिलला एक अत्यंत महत्त्वाची दुरुस्ती येते आहे, सगळ्यांनी तयारीत राहावं. मुक्तस्रोत प्रकल्पात एरवी प्रत्येक बदल चव्हाट्यावर होतो. या वेळी दुरुस्ती वाचून कोणी दोष ओळखू नये म्हणून काही दिवस सार्वजनिक कोड-साठ्याचं ताजं रूप दाखवणं थांबवलं होतं. दोष जपानमधल्या एनटीटीच्या मुक्तस्रोत केंद्रातल्या दोघांनी शोधला होता आणि तो ऐकायला हास्यास्पद वाटतो. जोडणी मागताना डेटाबेसचं नाव आडव्या रेघेने सुरू केलं, तर सर्व्हर त्याला नाव न समजता स्वतःला दिलेली सूचना समजे, आणि त्यातून डेटाबेसच्या फाइलींची नासधूस करता येई. त्यासाठी पासवर्ड लागत नव्हता, खातं लागत नव्हतं. पोर्टपर्यंत पोचता आलं की झालं.

म्हणून जाणती माणसं पोर्ट उघडतच नाहीत. डेटाबेसला घुमाच राहू देतात आणि बाहेरच्या माणसालाच त्याच्या शेजारी नेऊन बसवतात. याचं सर्वांत साधं साधन म्हणजे एसएसएचचा, म्हणजे दूरच्या यंत्रावर एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने शिरण्याच्या पद्धतीचा, बोगदा. एसएसएच हीच मुळात चोरीतून जन्मलेली गोष्ट. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी जाता-येता पासवर्ड टिपून घेतले, आणि तिथल्या तातू युलेनेन यांनी त्यावर उतारा म्हणून ही पद्धत लिहिली. तिच्यामार्फत लॅपटॉपवरचं एखादं पोर्ट, समजा ५४३३, पलीकडच्या सर्व्हरच्या आतल्या ५४३२ला जोडता येतं. तुम्ही स्वतःच्याच यंत्राशी बोलताय असं तुमच्या प्रोग्रॅमला वाटतं, आणि डेटाबेसलाही शेजारचाच कोणी बोलतोय असं वाटतं. सर्व्हरच्या बाहेरच्या भिंतीत फक्त एसएसएचचं एक दार उघडं राहतं. पीजीॲडमिन, डीबीव्हर यांसारख्या साधनांमध्ये बोगद्याची सोय आतच असते. अनेक यंत्रं कायमची जोडायची असतील तर वायरगार्डसारखं खासगी जाळं बरं.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. लिनक्सवर ‘यूएफडब्ल्यू’ या संरक्षक भिंतीने (फायरवॉलने) सगळी पोर्टं बंद केली आणि मग डॉकर या कंटेनर-साधनातला डेटाबेस पोर्टासह बाहेर जाहीर केला, तर डॉकर आपले नियम त्या भिंतीला वळसा घालून लिहितो. यूएफडब्ल्यू ‘बंद’ दाखवत राहतो आणि डेटाबेस जगाशी बोलत राहतो. पोर्ट जाहीर करताना पुढे १२७.०.०.१ लिहिलं की हे टळतं.

आता प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. दार राखणाऱ्याला हॅशवर भागवता येतं, पण आत जाणाऱ्याला खरा पासवर्डच सादर करावा लागतो. माणूस असेल तर तो टाइप करील. पण रात्री दोन वाजता आपोआप चालणारा प्रोग्रॅम? त्याचा पासवर्ड कुठेतरी लिहूनच ठेवलेला असणार, आणि तोही पुन्हा वाचता येईल अशाच रूपात. त्यामुळे ‘पासवर्ड अजिबात कुठे साठवू नका’ हा उपदेश कानाला गोड असला तरी निरर्थक आहे. तो कुठे पडून आहे, आणि ती जागा आणखी कोणाला वाचता येते, एवढंच विचारण्यासारखं आहे.

सर्वांत वाईट जागा म्हणजे आज्ञेची ओळ. त्याच यंत्रावरच्या इतरांना चालू प्रोग्रॅमांच्या यादीत ती दिसू शकते, शिवाय शेलच्या इतिहासात ती साठून राहते. तिथे पासवर्ड लिहिला तर मायएसक्यूएल दर वेळी बजावतो, आणि लोक दर वेळी दुर्लक्ष करतात. पर्यावरण-चलातून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून) तो देणं थोडं बरं, पण काही प्रणालींवर तेही इतरांना वाचता येतं, म्हणून पोस्टग्रेसचे कर्ते त्याचीही शिफारस करत नाहीत. ते सांगतात ती वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधली ‘पीजीपास’ नावाची छोटी फाइल: सर्व्हर, पोर्ट, डेटाबेस, नाव, पासवर्ड, मधे विसर्गासारखी टिंबं. पासवर्ड तिच्यात उघडाच असतो. मात्र मालकाखेरीज दुसऱ्या कोणालाही ती वाचायची मुभा असल्याचं दिसलं, तर युनिक्स प्रणालींवर प्रोग्रॅम ती फाइल चक्क वापरायलाच नकार देतो. मला हा प्रामाणिकपणा पसंत आहे. मायएसक्यूएलची अशीच एक फाइल वाचता न येणाऱ्या रूपात असते, पण ते रूप उलगडण्याची किल्ली त्याच फाइलमध्ये असते. खांद्यावरून डोकावणाऱ्यापुरताच तो आडोसा. डीबीव्हर हे लोकप्रिय साधन मास्टर पासवर्ड ठरवला नसेल तर साठवलेले पासवर्ड एका ठरीव किल्लीने एन्क्रिप्ट करतं, आणि साधन मुक्तस्रोत असल्याने ती किल्ली कोडमध्ये कोणालाही वाचता येते. यात फसवणूक नाही, पण ‘एन्क्रिप्ट केलंय’ या शब्दांवर किती विसंबायचं ते यावरून ठरवावं. लॅपटॉपच्या डिस्कला एन्क्रिप्शन नसेल तर यातलं काहीच टिकत नाही.

आणि मग कोड-साठे. सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्ड, ती फाइल गिटमध्ये, गिट गिटहबवर. पुढच्या बदलात पासवर्ड खोडला तरी गिटच्या इतिहासात तो राहतोच. विसरायचं नाही, हेच तर त्या साधनाचं काम. साठा खासगी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी उबरचं उदाहरण पाहावं. २०१६ साली दोघा जणांनी त्या कंपनीच्या गिटहबवरच्या खासगी साठ्यात शिरकाव केला, तिथे त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली, आणि तिच्यामुळे ५.७ कोटी प्रवासी आणि चालकांची माहिती. कंपनीने एक लाख डॉलर देऊन प्रकरण दडपलं. ते नोव्हेंबर २०१७मध्ये बाहेर आलं आणि त्या वेळचे सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन यांना २०२२मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. साठ्यात गेलेला पासवर्ड खोडत बसू नये. तो फुटला असं धरून बदलावा.

डेटाबेसच दुसऱ्या डेटाबेसला जोडायचा असेल तर हा प्रश्न आणखी पेच घेतो. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू’ नावाची जोड आहे, २०१३च्या ९.३ आवृत्तीपासून. दूरच्या सर्व्हरवरचा तक्ता तिच्यामुळे आपल्याच घरातला असल्यासारखा वापरता येतो. पुण्याचा या जोडीशी जवळचा संबंध आहे. दूरच्या तक्त्यांची बेरीज-सरासरी इथे ओढून आणून करण्याऐवजी तिथेच करून फक्त उत्तर मागवायचं, ही दहाव्या आवृत्तीतली सुधारणा जीवन चाळके आणि आशुतोष बापट यांच्या नावावर आहे. दोघेही तेव्हा एंटरप्राइझडीबीच्या पुण्यातल्या केंद्रात काम करत.

या जोडीत आधी दूरचा सर्व्हर नोंदवायचा, मग इथला कोणता वापरकर्ता तिथे कोणत्या नावाने आणि पासवर्डाने जाणार याची सांगड घालायची. तो पासवर्ड डेटाबेसच्या आतल्या एका तक्त्यात उघडा साठतो. ऐऱ्यागैऱ्याला तो दिसत नाही, पण सर्वाधिकारी वापरकर्त्याला दिसतो, आणि त्याने काढलेल्या बॅकअपमध्येही उतरतो. म्हणजे एका डेटाबेसचा बॅकअप हरवला की दुसऱ्याच्या किल्ल्याही गेल्या.

याच जोडीतला एक नियम नवख्यांना जाचक वाटतो: सामान्य वापरकर्त्याला पासवर्डावाचून दूरची जोडणी करता येत नाही. नुसता पासवर्ड लिहून ठेवलाय एवढ्यावरही भागत नाही. पलीकडच्या सर्व्हरने तो खरोखर मागितला का, हेही पाहिलं जातं. कारण असं, की दूरची जोडणी तुम्ही सांगितली तरी ती प्रत्यक्ष करतो तो डेटाबेसचा सर्व्हर, आणि तो यंत्रावर ‘पोस्टग्रेस’ या बड्या खात्याने चालत असतो. एखाद्या हुशार कारकुनाने ‘दूरचा सर्व्हर’ म्हणून हाच सर्व्हर नोंदवला, तर दाराशी ‘अरे, हा तर आपलाच साहेब’ म्हणून न विचारता आत सोडलं जाईल, आणि कारकून साहेबाच्या अधिकारात काम करू लागेल. पासवर्ड मागितला गेला म्हणजे येणाऱ्याने स्वतःचं काहीतरी दाखवलं, एवढी खात्री होते.

अठराव्या आवृत्तीने इथे एक सुरेख वाट काढली आहे. वापरकर्ता स्क्रॅमने आत आला असेल आणि दोन्ही सर्व्हरांवर त्याची साठवलेली नोंद तंतोतंत तीच असेल, तर त्याने इथे दिलेल्या पुराव्याच्या बळावर तिकडेही प्रवेश मिळतो. सांगडीत पासवर्ड लिहायलाच नको. पण रात्री दोनच्या प्रोग्रॅमला याचा उपयोग नाही. त्याने मुळात इथे येण्यासाठी पासवर्ड आणला कुठून, हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं उत्तर शोधणाऱ्यांनी पासवर्ड लपवण्याचा नाद सोडून त्याचं मोल कमी करायला घेतलं. हॅशिकॉर्प कंपनीने २०१५मध्ये आणलेलं ‘व्हॉल्ट’ हे त्यातलं प्रसिद्ध साधन. प्रोग्रॅमने मागितलं की ते डेटाबेसमध्ये नवाच वापरकर्ता तयार करतं, तासा-दोन तासांची मुदत घालतं आणि मुदत संपली की त्याला काढून टाकतं. चोरी झाली तरी चोराच्या हाती येते ती शिळी वस्तू. २०२३मध्ये कंपनीने व्हॉल्टचा मुक्तस्रोत परवाना बदलला, तेव्हा नाराज मंडळींनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ओपनबाओ’ ही त्याची मुक्त शाखा सुरू केली. अर्थात व्हॉल्टचं दार ठोठावायलाही प्रोग्रॅमला काहीतरी ओळख लागतेच. ती यंत्राच्या स्वतःच्या ओळखीवरून देता आली तर चांगलं. ॲमेझॉनच्या क्लाउडवरचे डेटाबेस अशा ओळखीवर पंधरा मिनिटांचं टोकन घेऊन प्रवेश देतात.

छोट्या संस्थेला एवढा डोलारा परवडत नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं खातं द्यावं आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार. अहवाल काढणाऱ्याला फक्त वाचायचं असतं. चौदाव्या आवृत्तीपासून ‘सगळं वाच, काही बदलू नको’ अशी तयार भूमिकाच मिळते. सगळे प्रोग्रॅम ‘पोस्टग्रेस’ या सर्वाधिकारी खात्याने चालवण्याची रीत आजही सर्रास दिसते, आणि तिच्यापुढे वरचे सगळे उपाय फिके पडतात. खाती वेगळी असली की एकाचा पासवर्ड बदलताना बाकीचं काम थांबत नाही, हा फायदा तर रोजच्या उपयोगाचा.

पासवर्ड बदलण्याबद्दल दोन गोष्टी कमी लोकांना माहीत असतात. खातं बदलण्याच्या आज्ञेत नवा पासवर्ड थेट लिहिला, तर तो सर्व्हरच्या नोंदवहीत उघडा उतरू शकतो. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या ग्राहक-प्रोग्रॅममधली पासवर्ड बदलायची खास आज्ञा हॅश आपल्याच यंत्रावर काढून तेवढाच पाठवते. दुसरं, पासवर्ड फक्त आत येताना तपासला जातो. खात्याची मुदतही तेव्हाच पाहिली जाते, आणि तीही पासवर्डाने येणाऱ्यापुरतीच. तुम्ही पासवर्ड बदलला, खात्याला प्रवेशबंदी केली, तरी आधीपासून आत असलेली जोडणी चालूच राहते. जोडण्या साठवून ठेवणारे प्रोग्रॅम मधे असतील तर कित्येक दिवस. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं बंद केल्यावर चालू जोडण्यांची यादी उघडायची, त्याच्या नावाच्या ओळी शोधायच्या, आणि त्या एकेक करून हाताने तोडायच्या.